दामोदरने कुठे जावे: केशोरीकडच्या पाणीबैठकीची हकीकत

गोंदियाला माझी ट्रंक माझ्याआधी निघून गेली, आणि तीही भलत्या दिशेने.

नागपूरहून येणारी मोठी गाडी सोडून इथे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसावे लागते. अशा गाड्या दोन. एक उत्तरेला बालाघाटकडे जाते, दुसरी दक्षिणेला चांद्याकडे. दोन्ही सारख्याच बुटक्या आणि सारख्याच काजळलेल्या. हमालाने ट्रंक डोक्यावर घेतली आणि "चलिए बाबूजी, छोटी लाइन" म्हणत तो गर्दीत शिरला. मी चहा प्यायला थांबलो, इथे माझे चुकले. कप रिकामा होईपर्यंत बालाघाटची गाडी सुटली होती आणि हमाल प्रसन्न चेहऱ्याने परत येत होता.

"सामान रख दिया, बाबूजी. खिड़की के पास."

"पण मला अर्जुनीला जायचे आहे."

त्याने दूर जाणाऱ्या धुराकडे एकदा पाहिले. "तो पहले बोलना था ना. छोटी लाइन तो दोनों हैं."

स्टेशनमास्तरांनी पुढच्या स्टेशनला तार केली आणि दोनतीन दिवसांत ट्रंक परत येईल असे सांगितले. मला मात्र तेवढी सवड नव्हती. ट्रंकेत माझा लंडनचा सूट होता, आणि मला बोलावणाऱ्यांना माझ्याइतकाच तो सूटही हवा होता.

आता हे बोलावणे कसले ते सांगतो. मी नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. दामोदर हा माझा जुना विद्यार्थी, नुकताच बी.एस्सी. झालेला. त्याचे वडील सखाराम पाटील हे केशोरीच्या अलीकडच्या एका गावचे मालगुजार (जमीनदार). जातीने कोहळी, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी या भागात जागोजागी तलाव बांधले त्या समाजातले. मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे हे घरात ठरले होते. कुठे, हे ठरायचे होते. पाटलांनी मला लिहिले होते, "आपण विलायतेत राहून बॅरिस्टर होऊन आलेले. चार लोकांसमोर लंडनचा सल्ला द्यावा. येताना सूट आणावा." सूट या शब्दाखाली रेघ होती. त्याच टपालाने दामोदरचेही पत्र आले: "सर, मला कायदा शिकायचा नाही. जपानच्या एका शेतकी विद्यालयाने मला घ्यायचे कबूल केले आहे. बाबांसमोर तोंड उघडत नाही. लंडनलाही जागा मिळाली आहे. दोन्हीकडे शनिवारच्या टपालाने उत्तर जायला हवे, नाहीतर दोन्ही जागा जातील. तुम्ही काहीतरी करा."

असा मी एकाच घरात दोन उलट कामांसाठी पाहुणा म्हणून निघालो होतो. त्यात आणखी एक अडचण होती. मी बॅरिस्टर नव्हतो. लोक तसे समजत आणि मी पंधरा वर्षे त्यांना समजू देत होतो.

छोटी गाडी तिच्या मनाला येईल तशी चालते. कार्तिक लागला होता. दोन्ही बाजूंना धान (भात) पिकायला आले होते. लवकर येणारे हलके धान पिवळे, उशिरा येणारे भारी धान अजून हिरवे. मध्येच साल-सागाचे रान येई आणि पुन्हा एखादा तलाव उघडा पडे. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला निरखून विचारले, "कुठं जाऊन राहिले जी?"

"केशोरीकडे."

"कायले?"

"एका मुलाने कुठे शिकावे ते सांगायला."

"त्याले मालूम नाही?"

"त्याला माहीत आहे. त्याच्या वडिलांना माहीत नाही."

"मंग बापाले शिकवाले चालले तुमी," असे म्हणून त्याने बिडी पेटवली. माझ्या दौऱ्याचे याहून नेमके वर्णन पुढे कोणी केले नाही.

अर्जुनीला दामोदर छकडा घेऊन आला होता. ट्रंकेची कथा ऐकून तो हसला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. गावच्या शिवेवर आंब्याच्या डहाळ्यांची कमान होती. चार माणसे ताशे घेऊन उभी होती. सखाराम पाटील पागोटे बांधून पुढे आले, माझ्या धुरकटलेल्या धोतराकडे त्यांनी पाहिले आणि ताशेवाल्यांना हळूच थांबवले. हार मात्र घातला. बैठकीच्या खोलीत भिंतीला एक पाटी टेकवून ठेवली होती, गोंदियाच्या रंगाऱ्याकडून आणलेली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत दामोदरचे नाव होते आणि नावाच्या आधी बॅरिस्टर.

"तयारी आहे," पाटील म्हणाले. माणूस प्रेमळ होता. पाटी त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसली.

जेवण मात्र खरे पाहुण्याचे. वाफाळता भात, झिंगे (तलावातली लहान कोळंबी) घातलेला तिखट रस्सा, कमळाच्या देठांची भाजी आणि उकडलेले शिंगाडे. पाटील स्वतः वाढत होते आणि प्रत्येक वाढण्याबरोबर लंडनची एक गोष्ट विचारत होते. मी तोंड भरलेले ठेवण्याची काळजी घेतली.

दुपारी दामोदरने माहितीपत्रांचा गठ्ठा दाखवला. विलायतेतल्या बऱ्याच ठिकाणांहून ती मागवली होती. गुळगुळीत कागद, मनोरे, हिरवळ, बोटींतून हसणारे तरुण. कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रात पाऊस पडत नाही. मी विलायतेत होतो तेव्हा दुसरे फारसे काही पडत नव्हते. जपानचे उत्तर मात्र एका साध्या कागदावर होते, तिथल्या एका शिक्षकाने मोडक्या इंग्रजीत लिहिलेले: "पहिले वर्ष भाषा शिकण्यात जाईल. थंडी फार आहे. खोली लहान मिळेल. आमच्याकडे मातीचे जुने बांध पुष्कळ आहेत व ते का फुटतात हे आम्ही शिकवतो. आम्हालाही सगळे कळलेले नाही." मी ते दोनदा वाचले. स्वतःची उणीव आधी सांगणारी शिक्षणसंस्था मी प्रथमच पाहत होतो.

"हे बाबांना दाखवलेस?"

"त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. म्हणाले, शिक्काही नीट नाही."

संध्याकाळी तो मला पाळीवर (तलावाच्या बांधावर) घेऊन गेला. पाळ इतकी रुंद की तिच्यावरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात. एका बाजूला आरशासारखे पाणी, बदके, कमळाची पाने. दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या बांध्या (धानाची लहान शेते). दामोदर मला पायथ्याशी घेऊन गेला आणि एका ठिकाणी बोट दाखवले. गवतातून पाण्याची बारीक धार येत होती.

"पाणी झिरपते त्याचे काही नाही, सर. पण पूर्वी ते नितळ होते. आता गढूळ येते."

तिथेच मारोती भेटला. तो गावचा पाणकर, म्हणजे तलावाचे पाणी सोडणारा व वाटणारा. उद्या सकाळी भारी धानाच्या शेवटच्या पाण्याची बैठक होती. पाटलांनी मुलाचा प्रश्नही त्याच बैठकीत काढायचे ठरवले होते, कारण पाळीची देखरेख पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होती आणि मुलगा दूर जाणार तर गावाला विचारणे रीतीचे होते. मी मारोतीला बैठकीची पद्धत विचारली.

"ज्याची बांधी शेवटी, तो पहिले बोलते. मंग वरचा, मंग त्याच्या वरचा. पाटलाची बांधी पाळीखालीच लागून हाये, पाटील सगळ्यात शेवटी."

"असे का?"

"वरच्याले पानी भेटतेच जी. तो पहिले बोलला का खालचे गप होऊन जातेत."

सखाराम पाटील वीस वर्षे या बैठकीत शेवटी बोलत आले होते, आणि शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बोलण्याची वेळ आपल्यापर्यंत येते तेव्हा ठरायचे ते ठरून गेलेले असते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यामुळेच ते इतक्या खुशीत मुलाचा प्रश्न बैठकीत नेत होते.

बैठक सकाळी पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली भरली. पन्नासेक माणसे असतील. पाण्याचे काम लवकर आटोपले. मग पाटलांनी उभे राहून मुलाचा प्रश्न सांगितला, पाहुण्यांची ओळख करून दिली आणि बसले.

मारोती म्हणाला, "आता बोला. ज्याले बांधी नाही, तो पहिले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"हे पाहुने हायेत, मारोती," पाटील म्हणाले. "हे शेवटी बोलतीन, माझ्यासंगं."

"पाहुन्याची बांधी हाये का आपल्या तलावाखाली?"

"नाही."

"मंग पहिले."

चारचौघांचे ऐकून, दोन्ही बाजूंना बरे वाटेल असे काहीतरी गुळमुळीत बोलायचे मी ठरवून आलो होतो. ऐकायला कोणी बोललेच नव्हते. शिवाय अंगावर सूट नव्हता. पाटलांचे उसने धोतर नेसून खोटे बोलणे मला कठीण गेले.

"मी बॅरिस्टर नाही," मी म्हणालो. "दोन वर्षे लंडनला होतो. परीक्षेत नापास झालो आणि परत आलो."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले नाही. पुढच्या रांगेतून भागरताबाई नावाची म्हातारी विधवा, जिची बांधी सर्वांत शेवटी, तिने विचारले, "मंग दोन साल तिथं करत काय होते?"

"जेवत होतो. बॅरिस्टर व्हायला तिथे ठरावीक जेवणे जेवावी लागतात. झगा घालून, मोठ्या दालनात."

"जेऊन बॅलिस्टर होते?"

"जेवण आणि परीक्षा. मला जेवण जमले."

हशा पिकला. म्हातारी हसली नाही. "भात देत होते?"

"भाताची खीर करत. एरवी बटाटे."

"अरे बापा," ती कळवळून म्हणाली, आणि लगेच पुढे, "काऊन गेले होते मंग?"

लंडनच्या परीक्षकांनी मला इतका सरळ प्रश्न कधी विचारला नव्हता. "माझ्या वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते," मी म्हणालो आणि खाली बसलो.

मारोतीने विचारले, "आनखी कोनाले बांधी नाही?"

दामोदर उभा राहिला. "मले. सगळ्या बांध्या बाबांच्या नावावर हायेत."

हे पाटलांच्याही ध्यानात आले नव्हते. मुलगा आपल्या आधी बोलेल ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती. दामोदरचा आवाज सुरुवातीला चिरकत होता. त्याने गढूळ धारेचे सांगितले. गढूळ म्हणजे पाळीची माती आतून वाहून जात आहे. आपल्या पूर्वजांनी पाळ बांधली, पण ती कशी बांधली हे कोणाला सांगून ठेवले नाही. आपण वरून माती टाकत राहिलो. जपानच्या शिक्षकाचे पत्र त्याने वाचून दाखवले, थंडीसकट.

"पानी पाहाले इतक्या दूर जाशीन?" भागरताबाई म्हणाली. "पानी त इथंच हाये."

"ते पाळीतून काऊन निघते, हे इथं कोनाले सांगता येत नाही, आजी. तुलेही नाही, मलेही नाही."

"मोठा उद्धट झाला," म्हातारी शेजारणीला म्हणाली. मग मारोतीकडे वळून, "जाऊ दे त्याले. पाळ फुटली त माझी बांधीबी वाहून जाते."

त्यानंतर खालून वर एकेक बोलत गेला. सगळे एका बाजूचे नव्हते. एकजण म्हणाला, कोर्टात आपला माणूस पाहिजेच. दुसरा म्हणाला, जपानात गेलेला परत येत नाही असे त्याने ऐकले आहे. कोणाकडून ते त्याला आठवेना. पण मधल्या बांध्यांपर्यंत बोलणे आले तेव्हा लोक लंडनबद्दल बोलायचे थांबले होते आणि ती धार नेमकी कुठे निघते, यावर वाद घालत होते.

शेवटी पाटील उरले. ते उपरण्याचे टोक चुरगाळत होते. मला त्यांचे वाईट वाटले. माणसाने मुलासाठी पाहिलेले स्वप्न खोटे नव्हते. फक्त ते दुसऱ्याच्या मापाचे होते.

"तिकडं," त्यांनी मुलाला विचारले, "पानी पहिले कोनाले देतेत?"

"मालूम नाही, बाबा."

"जाऊन पाह्य. अना लिहून पाठव."

आणि ते उठून पायथ्याशी धार पाहायला गेले. मारोती आणि दहाबारा माणसे त्यांच्या मागोमाग गेली. मी दामोदरकडे पाहिले. तो रडत होता आणि ते लपवायला त्याला जागा सापडत नव्हती, कारण त्या पाळीवर चारी बाजूंना मोकळे होते.

जपानचे पत्र त्याने तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले. लंडनला नकार कळवायचा होता, ते काम पाटलांनी माझ्यावर सोपवले. निरोप देताना ते म्हणाले, "चांगल्या भाषेत लिहा जी. त्या लोकांनी आपलं काही वाईट केलं नाही." मला बॅरिस्टर म्हणणे त्यांनी सोडले होते, पण शिंगाड्यांची पिशवी छकड्यात स्वतःच्या हाताने ठेवली.

गोंदियाला ट्रंक माझी वाट पाहत होती. बालाघाट पाहून आलेली, पण काही बिघडलेली नव्हती. शुक्रवारी घरी पोचलो आणि टपाल चुकू नये म्हणून हातपाय धुवून लगेच टेबलाशी बसलो. आपण देऊ केलेल्या जागेबद्दल आभार, परंतु मी अन्यत्र जाण्याचे ठरवले आहे. एवढाच मजकूर, चार ओळीसुद्धा भरल्या नाहीत. दामोदरने कागदावर खाली आधीच सही करून दिली होती, म्हणून मला फक्त वर लिहायचे होते.

असे पत्र इतके सोपे असते हे मला ठाऊक नव्हते. वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते, हे मी त्या मोहाखाली सांगितले आणि लोकांनी ते मानले. लिहिताना मात्र आठवले की माझे वडील माझ्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते, आणि तुला जायचेच आहे ना, असे त्यांनी विचारले होते. मी हो म्हणालो होतो. मी लखोटा बंद केला आणि टपालाच्या पेटीत टाकायला स्वतः चालत गेलो.