मोकळ्या हवेतही साडेअकरा

उद्या बहिणीला घेऊन चांदवडचा घाट चढायचा आहे. म्हणून आज द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात माझ्या टर्बो गाडीचं ट्यूनिंग केलं.

इंजिनात एक भाग पेट्रोलमागे किती भाग हवा जळते, हे एक्झॉस्टमधला सेन्सर मोजतो आणि आकडा मीटरवर दाखवतो. टर्बोच्या जोरात पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळू शकतो.

हायवेवर फुल रेस दिली. मीटरवर साडेअकरा.

"एकदम परफेक्ट, मास्तर," शेजारी बसलेले मेकॅनिक विलासभाऊ म्हणाले.

मी रेसवरून पाय काढला. अशा वेळी इंजिन पेट्रोल बंद करतं आणि आकडा एकदम वर जायला हवा. तो साडेअकरावरच राहिला.

गॅरेजात परतल्यावर म्हटलं, "भाऊ, सेन्सर काढून मोकळ्या हवेत धरा."

"मीटरवर पण संशय? हा काय पोरांचा पेपर हाय का?"

तरी त्यांनी मीटरची वायर जोडलेलीच ठेवून सेन्सर बाहेर काढला. हवेत पेट्रोलचा थेंब नव्हता. आकडा साडेअकरा.

विलासभाऊ खाली बसले. "ह्याच मीटरवर चार गाड्या करून दिल्या, मास्तर."

मी गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आलो. तुमच्या गाडीचं ट्यूनिंग नुकतंच त्या गॅरेजात झालं असेल, तर आठवून सांगा: पाय काढल्यावर आकडा हलला होता का?