लिंबाचा डबा, मिऱ्याचा डबा

टेबलावरच्या सगळ्या जणी तिला ताई म्हणत, आणि ताईच्या नाकावर माशीसुद्धा परवानगी काढून बसे. औषधी गांजाच्या त्या कारखान्यात तिचं काम तसं साधं होतं. वाळलेल्या कळ्या कात्रीने साफ करायच्या, पानांचे शेंडे उडवायचे आणि माल आपापल्या पिंपात टाकायचा. पण दोन जातींचा माल दिसायला जुळ्या बहिणींसारखा असला आणि ट्रेवरची खुणेची चिठ्ठी गळून पडली, की तो ट्रे फिरत फिरत ताईपाशी यायचा. हातमोजा घालून वास कळत नाही, हे तिचं ठाम मत. नियम धाब्यावर बसवून ती मोजा काढायची, कळी अंगठ्याखाली चुरडायची, बोटं नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची, "लिंबू." नाहीतर, "मिरं." मुकादमबाई तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघायच्या.

नोकरीला लागताना त्यांना शिकवलं होतं, की या वासाच्या द्रव्यांना टर्पीन म्हणतात. लिंबाच्या सालीत, लव्हेंडरमध्ये, मिऱ्यातही ती असतात आणि माणसाच्या मनावर त्यांचा काही ना काही परिणाम होतो. काही ना काही, एवढंच. पण बोट मिळालं की मनगट धरायची ताईची जुनी खोड. धाकट्या भावाच्या उशीत तिने लव्हेंडरचा बोळा खुपसला, बैठकीत संत्र्याच्या तेलाचा दिवा ठेवला, न्हाणीघरात निलगिरी शिंपडली. भावाने कुठल्या खोलीत कुठल्या मनाने वावरायचं, तेही ताईनेच ठरवलेलं.

"ताई, मला रडायचं असलं तर कुठे जाऊ गं?" भाऊ विचारायचा. ती हसायची नाही.

तिला हसू येत नव्हतं याला कारण होतं. भाऊ छपरं दुरुस्त करणारा. एकदा घसरून पडला, पाठ गेली. दुखण्यावर डॉक्टरांनी औषधी गांजा दिला, यंत्रातून वाफ ओढायची. गेल्या वर्षी एके दिवशी घरात तो आणि त्याची सहा वर्षांची मुलगी, दोघंच होती. नवा डबा होता, मिऱ्याच्या वासाचा. वाफ ओढली आणि त्याला वाटलं, भिंती अंगावर येतायत. न्हाणीघरात शिरून त्याने कडी लावली, ती काही केल्या काढेना. पोर दाराबाहेर रडून रडून बसून राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं. बायको मुलीला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "सगळा दोष वासावर टाकू नका. मात्रा किती, माणूस कसा, दिवस कसा, हेही बघावं लागतं." ताईने मान डोलावली आणि भावाला बजावलं, यापुढे फक्त लिंबाचाच डबा.

त्यानंतर आज मुलगी पहिल्यांदाच त्याला भेटायला येणार होती. सोबत समाजसेविका बाई असणार, त्या बघणार आणि कोर्टाला सांगणार. आज काही कमीजास्त झालं, तर भेट बंद.

आणि नेमकं आजच ताईने हात धुताना बोटं नाकाशी नेली. संत्र्याचा वास आला. साबणाखालूनही येत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने संत्रं सोललं होतं. सुट्टीनंतर चिठ्ठी गळालेला ट्रे आला, तिने मोजा काढला, कळी चुरडली आणि म्हणाली, "लिंबू." संत्र्याच्या सालीत तेच द्रव्य, जे लिंबात. आपल्याच बोटांचा वास घेऊन तिने मालाचा निकाल दिला होता. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलले, त्याचं हे फळ.

ती धावत मुकादमबाईंकडे गेली आणि सगळं कबूल केलं. बाईंनी तिची हजेरी घेणं नंतरसाठी राखून ठेवलं आणि आधी आवारातल्याच विक्रीच्या खिडकीला फोन लावला; त्या ट्रेमधला माल लिंबाच्या डब्यांत भरून तासाभरातच तिकडे गेला होता. डबे थांबवले गेले. फोन ठेवून बाई तिच्याकडे बघेनात.

"एकच गेलाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाने नेला."

भावाचा फोन बंद. धास्तीपोटी केला असणार, कुणाशी बोलायला नको म्हणून. ताई निघाली ती अंगावरचा कारखान्याचा झगाही न काढता. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने तिला शेलकी शिवी दिली. एरवी तिने त्याचा सात पिढ्यांसकट हिशेब केला असता. आज तिला न्हाणीघराची कडी दिसत होती. भावाच्या घराचे चार जिने ती कशी चढली तिचं तिला माहीत. तिच्याकडे किल्ली होतीच.

भाऊ सदऱ्याला इस्त्री करत होता. काहीतरी गुणगुणत होता.

"डबा उघडलास?"

"मघाशीच ओढला की. का गं?"

टेबलावरचा डबा तिने नाकाशी नेला. मिरं. शंकाच नको.

"अरे देवा! तो तुझा नाही! चुकीचा आहे! इस्त्री ठेव, बस खाली, श्वास घे, खिडकी उघड ती!"

"मी तर बरा होतो," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, आणि या खेपेला आवाज बारीक झाला. त्याच्या कपाळावर घाम आला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि जे बघत होता ते हळूहळू त्याच्याही तोंडावर उतरलं. इस्त्री कशीबशी उभी करून तो न्हाणीघराकडे चालू लागला. ती चाल ताई ओळखत होती.

दाराची घंटा वाजली.

कडीवर हात ठेवून भाऊ थांबला. "ताई, तू बाहेर जा."

"वेडा झालास? अशा वेळी तुला एकट्याला टाकून..."

"तुझ्याकडे बघितलं की मी किती आजारी आहे ते मला कळतं. तू येईपर्यंत मला काही झालं नव्हतं. जा ना गं. जा."

थोबाडीत बसावी तसं झालं तिला. वर्षभर जिच्या जिवाला घोर, तीच नको? रागाने तिचे डोळे भरून आले. तिने जाऊन दार उघडलं. समोर बाई, आणि त्यांचा हात धरून भाची, वीतभर उंच झालेली.

एक वाक्य पुरे होतं. आज नको, त्याची तब्येत बरी नाही. बाई परत फिरल्या असत्या, पोर वाचली असती, आणि पुढची भेट कुणी कधी दिली असती देव जाणे. ताईने तोंड उघडलं. आतून भावाची पावलं ऐकू आली. न्हाणीघराकडे नव्हे, दाराकडे येत होती.

"या ना," ताई म्हणाली. "मी निघालेच होते."

"आत्या, तू नाही का येत?" मुलीने विचारलं.

"नाही गं राणी. मी इथेच आहे."

ती पायरीवर बसली. आत काय चाललंय ते ऐकायचं नाही असं ठरवून कान टवकारून बसली. काहीच ऐकू येईना, तसा तिचा जीव टांगणीला लागला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. समाजसेविका बाई दार उघडं ठेवून, आतलं दिसेल अशा बेताने उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"काय झालं?" ताई ताडकन उठली.

"काही नाही. म्हटलं, जरा लांबून बघावं."

"तो बरा आहे ना?"

"घाबरलेत. मुलीला तसं सरळ सांगितलं त्यांनी, मला भीती वाटतेय म्हणून."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मला पण. आता बसलेत एकमेकांजवळ, बोलत काही नाहीत."

ताईने मान हलवली. मग, विचारू नये ते विचारलंच, "मला बोलावलं का कुणी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ताईने झग्याने डोळे पुसले आणि पायरीवर थोडं सरकून बाईंना बसायला जागा करून दिली.