अठरा तास चालनारा लॅपटाप

माझ्या पोरानं नगरहून लॅपटाप आनला तवा तळहातावर धरून साऱ्या वस्तीला दावत हिंडला. "बघ आई, परातीएवढं बी वजन न्हाई. आन् एकदा चार्ज केला का अठरा तास."

मी म्हनलं, "कोन म्हनतंय?"

"दुकानदार म्हनला. खोक्यावर बी छापलंय."

दुसरीतनं शाळा सुटली माझी, खोक्यावरचं मला लागत न्हाई. पर अठरा तास म्हंजी काय त्ये मला इचारा. दुष्काळात आमी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. पहाटं जात्यावर बसायचं, मग ओढ्यात झिरा उकरून पानी, मग दिस मावळंस्तवर डोक्यावर पाटी. ह्येच पोरगं तवा बाभळीला बांधलेल्या झोळीत पडलेलं असायचं. घरी आले का चूल. माझे मालक वारले त्या वर्सीबी त्येच. मला कोनी खोक्यात भरलं न्हाई, का वर काय छापलं न्हाई.

लॅपटाप नातीसाठी आनला हुता. पोरगी शिकलेली. एका कंपनीकडनं लांबच्या लांब पोरांना गनित शिकवायची, घरी बसून. काम अजून पक्कं न्हवतं. कंपनीची एक बाई मधनंच येऊन ऐकत बसायची. पयल्याच हप्त्यात एकदा लॅपटाप मधीच इझला, तवा ती बाई म्हनली, परत असं झालं तर काम बंद. नातीला त्या कामाची लई आस. न्हाई टिकलं तर बाप लग्नाचं बघनार हुता, त्ये तिला ठावं हुतं आन् मला बी.

आमची वस्ती सोनईपासून आत, ऊसात. लाईट पान्याच्या मोटारींच्या लायनीवरची. एक आठवडा दिसा, एक आठवडा रातीची. रातीची असली म्हंजी दिसभर खांब नुसते कावळ्यांसाठी. तवा सगळा भरोसा बॅटरीवर.

नातीनं वापरून बघितलं हुतं. ती बापाला म्हनली, "पप्पा, शिकवायला लागलं का चार तास बी निघत न्हाईत. कॅमेरा चालू ठिवावा लागतो, मोबाईलचं नेट घ्यावं लागतं, आन् दारातल्या उजेडात पडद्यावरचं दिसत न्हाई म्हनून उजेड वाढवावा लागतो."

"तूच काय तरी येडंवाकडं दाबतीस. कंपनी काय खुळी हाय का अठरा लिहायला?"

कंपनी खुळी नसतीच. खुळे घेनारे असत्यात.

त्या दिशी दुपारी नातीचा तास, आन् कंपनीची बाई ऐकायला बसनार. लाईट रातीची, म्हनून लॅपटाप रातीच भरून ठिवलेला. आन् सकाळी कोल्हारवरनं माझा इवाई आला, सुनेचा बाप. त्याच्या धाकट्या पोराच्या लग्नाची शुटिंग पेन ड्राइव्हमधी घेऊन. च्या व्हायच्या आतच म्हनला, "जावयबापू, तुमच्या नव्या मशीनवर लावा की. आमच्याकडं टीव्ही बिघडलाय."

मी सैपाकघरातनं बाहेर आले. म्हनलं, "ऱ्हाऊ द्या आज. पोरीचं काम हाय त्याच्यावर."

पोरगं हसलं. "आई, अठरा तासातले दोन गेले तर सोळा ऱ्हातेत. हिशोब येतो का तुला?"

"ईनबाईंना बघायची न्हाई आमची वरात," इवाई म्हनला. "त्या दिशी बी जेवून लगीच निघाल्या हुत्या."

आता इवायाच्या तोंडाला कोन लागनार? नात दारात उभी, पर आज्याम्होरं "न्हाई" म्हनायची रीत न्हाई आमच्यात. बसली मंडळी. हळद बघितली, वरात बघितली, आभाळातनं काढलेला मांडव बघितला. इवायाला सोताचा फेटा दिसला तशी म्हनं, "मागं घ्या, मागं घ्या." परत फेटा. आवाज वाढवा. पडदा उजळा. सून आत पुरनाच्या पोळ्या लाटतीया, आन् हितं दोन बाप्ये फेटा बघत्यात.

दुपारी पोरगं इवायाला ऊस दावायला घेऊन गेलं. नातीनं लॅपटाप उघडला आन् तिचं त्वांड उतरलं. "आजी, निम्मा बी न्हाई ऱ्हायला."

तास सुरू झाला. पोरगी हसून शिकवीत हुती, पर डोळा सारखा कोपऱ्यात. थोड्या येळानं आवाज बारीक करून म्हनली, "लाल झालं."

मी म्हनलं, "ऊठ. डेरीवर चल." दूध घालायची डेरी ओढ्याच्या पल्याड, तिथं फॅटच्या मशीनसाठी इन्व्हर्टर असतो. चार्जर मी पदरात घेतला. नात म्होरं, दोनी हातावर उघडा लॅपटाप, जसं काय नैवद्याचं ताट. बांधावरनं चालतीया आन् त्वांडानं अपूर्नांक चालूच. ऊस खुरपनाऱ्या बाया उठून बघाय लागल्या. एक म्हनली, "म्हातारे, पोरगी कुनाशी बोलतीया?"

"तुज्या सासऱ्याशी," म्हनलं. "काम कर."

डेरीवाला कॅन इसळीत हुता. "आजी, इन्व्हर्टर दुधासाठी हाय. ह्ये दुधाचं काम हाय का?"

"न्हाई. पर तू बोलत बसलास तर ह्ये बी नासंल."

त्यानं मशीनची पिन काढली. पर पायरीवर पाय टाकता टाकताच पडदा काळा झाला. पिन लावली तरी लगीच उठंना. चालू व्हायला बी थाट त्याचा. उघडला तवर पोरं गेलेली. ती बाई तेवढी हुती. नातीनं खोटं काय सांगितलं न्हाई. लाईट न्हाई, बॅटरी सरली, डेरीत बसलीया म्हनली. बाई म्हनली, शिकवनं चांगलं हाय, पर जिथं कायम लाईट हाय तिथं बसनार असशील तर ये, न्हाई तर ऱ्हाऊ दे.

संध्याकाळी पोरगं म्हनलं, "दुकानदारानं फसवलं."

मी म्हनलं, "घोडेगावच्या बाजारात म्हैस घेतोस तवा काय करतोस? दात बघतोस. कास बघतोस. दोन येळची धार सोताच्या हातानं काढल्याबिगर दावं धरत न्हाईस. धनी म्हनला दहा लिटर देती, म्हनून घेतलीस का कंदी? आन् घरात पोरगी धार काढून सांगत हुती, चार तास, चार तास. तिचं ऐकलं न्हाईस. खोक्याचं ऐकलंस."

त्यानं मोबाईल काढला. मग म्हनतो कसा, "दुसरा आलाय आई, ह्याच्याहून पातळ. त्यो चोवीस तास..."

मी उठून म्हशीकडं गेले.

नातीच्या लग्नाचं परत काढलं त्यानं दोनदा. मी म्हनलं, पयलं तिला सोनईत बसायला जागा बघ, मग बोल. बघितली. एका दुकानामागची खोली. पोरगी सकाळी जीपनं जाती, लॅपटापची पिन भिंतीत घालती आन् दिसभर तिथंच शिकवती. भिंतीला बांधलेला असतो त्यो, शेरडावानी. कुटंबी न्यावा म्हनून हलका घेतला हुता, म्हनं.

काम पक्कं झालं तिचं. पोरगं-सून रानात, दुपारची घरात मी एकलीच असती. पयली नात द्यायची थापून, आता माझी भाकरी मी थापती.