बर्फातलं रोप माळवदावर

गिरिजाबाईला झाडाझुडपांचं वेडच होतं. कुणाच्या दारात नवं रोप दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. मागून मिळालं तर ठीक, नाहीतर एक कांडी खुडून गुपचूप पदराच्या गाठीत! टेंभुर्णीतल्या बायका तिला लांबून बघितलं की तुळस सोडून बाकीच्या रोपांचे डबे आत ठेवायच्या म्हणे. म्हणून पंच्याहत्तर साली तिचा नवरा तातेराव फौजेतून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं बायकोला ना लुगडं आणलं ना बांगड्या. पत्र्याच्या डब्यातून चार रोपं काढून त्यानं तिच्यापुढं ठेवली आणि बाई आनंदानं उडालीच.

रोपं लिंबाएवढी, जाड रसदार पानांची, पानात पान दाबून बसलेली. "आमच्या बर्फाच्या डोंगरातल्या चौकीच्या खाली दगडाच्या फटीत असत्यात," तातेराव म्हणाला. "सारा हिवाळा बर्फाखाली गाडून ऱ्हात्यात अन् बर्फ वितळलं की पुन्हा हजर. थंडी कितीबी चालती, ओल बिलकुल चालत न्हाई. आमी बी तसंच ऱ्हाऊन राह्यलो तिथं."

शेवटचं तो हसत बोलला, पण त्याच्या आईच्या, गोजरबाईच्या मनात तेच रुतून बसलं. लेक चौकीवर परतला आणि तिच्या लेखी ती रोपं म्हणजेच तिचा तात्या झाली. ती जगली तर तो सुखरूप. बुद्धाचा धर्म घेतल्यापासून या घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता, पण आईच्या काळजाला कोण शिकवणार?

पौषात थंडी झोंबायला लागली तशी गोजरबाईनं रोपांची बाळंतिणीसारखी बडदास्त सुरू केली. डबे चुलीजवळ, वरून गोधडीचं पांघरूण, सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी. एकदा तर चक्क ओव्याची धुरी दिली! म्हातारीच्या हाताला गुण आहे म्हणून गिरिजाबाईनंही करू दिलं. थोड्याच दिवसांत पानं फिकी पडली, रोपं लांबुडकी झाली आणि दोन तर बुडाशी कुजून हातातच आली.

गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. गिरिजाबाई भडकली, ती स्वतःवरच. "ओल चालत न्हाई म्हणून सांगून गेल्ते ना ते! अन् आपण काय करून राह्यलो?" तिनं उरलेल्या दोन रोपांची काळी माती झटकली, फुटक्या माठाच्या बुडात खडे आणि भरड वाळू भरली, त्यात रोपं खोचली आणि शिडी चढून थेट माळवदावर नेऊन ठेवली, जिथं उत्तरेचं वारं सगळ्यात जास्त झोंबतं तिथं. पाणी बंद.

"माझ्या लेकाला उघड्यावर टाकतीस?" गोजरबाई कडाडली. "आजपासून तुझं तोंड बघायची न्हाई मी!" अबोला धरला खरा, पण सुनेचं तोंड बघितल्याशिवाय तिला राहवेना. गुडघे धरलेले, शिडी चढणं बंद होऊन वर्षं झालेली. सकाळी गिरिजाबाई माळवदावरून उतरली की म्हातारी तिच्या चेहऱ्यावरून रोपांची खबर काढायची आणि पुन्हा फुगून बसायची.

वर रोपांनी पानं घट्ट मिटून घेतली होती आणि ती लालबुंद होत चालली होती. गिरिजाबाईला रंग बघून हरखायला व्हायचं, पण हे बरं लक्षण की वाईट, ते काही कळायचं नाही.

माघात एका दुपारी ती कापूस वेचत असताना अवचित आभाळ भरून आलं. लोक कापूस झाकायला धावले, ही बाई ओटीतला कापूस तिथंच टाकून घराकडं पळत सुटली. वाटेतच टपोरे थेंब सुरू झाले. घरात शिरली तर गोजरबाई कुठंच नाही. शिडी चढून बघते तर म्हातारी माळवदावर! रोपांवर घमेलं धरून बसलेली, स्वतः नखशिखांत भिजलेली.

"आत्याबाई, तुमचे गुडघे!"

"चुलीत गेले गुडघे. ओल चालत न्हाई म्हन्ला ना त्यो?"

सर जशी आली तशी गेली. गोजरबाईनं घमेलं बाजूला केलं आणि गिरिजाबाई अशी किंचाळली की शेजारीपाजारी अंगणात आले. त्या लाल रोपांच्या बुडातून, इतके दिवस मिटल्या पानांआड लपलेले, बारीक दोऱ्यांसारखे देठ बाहेर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढं नवं रोप बसलं होतं. पानात पान दाबून, आईसारखंच.

"पिल्लं झाली, आत्याबाई! पिल्लं!"

"एवढ्या थंडीत?" गोजरबाईनं एका दाण्याला बोट लावून बघितलं. टणक होता, गार होता, चांगला रसरशीत होता.

"थंडीतच झाली की."

म्हातारी हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले. तातेराव चौकीवर परतल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"मंग माझा तात्या बी बरा आसंल गं," ती म्हणाली.