सत्तारसाठी उतरवलेली पानं

कोपरा फाडलेलं कार्ड दुपारच्या टपालाने आलं. अशा कार्डात काय असतं ते वाचण्याआधीच कळतं, फक्त कोण ते कळायचं राहतं. कर्जतहून अनंताच्या मुलाने लिहिलं होतं. अनंता गेला… झोपेतच. शिळफाट्याच्या माझ्या खोलीत मी ते कार्ड वाचलं. आणि खरं सांगायचं तर, दुःखाच्या आधी मनात आलं ते हे, की आता कोणाला कळणार नाही. त्या विचाराची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

अनंता कर्जतला कचेरीत कारकून होता. शाळा सुटल्यावर आम्ही सहा मित्र पांगलो, तेव्हा त्यानेच फिरतं पाकीट सुरू केलं. शाळेच्या पायरीवर चालायचे ते वाद आता टपालाने चालवायचे. पाकीट एकाकडून दुसऱ्याकडे जायचं. प्रत्येकाने सगळं वाचायचं, आपलं पान घालायचं आणि पंधरा दिवसांत पुढच्याला पाठवायचं. शेवटचा अनंता. त्याच्याकडे आलं की तो ते बसून आवरायचा. देव आहे की नाही, खोपोलीच्या कारखान्यांनी भातवाल्यांचं भलं झालं का, मुलींनी किती शिकावं… प्रत्येक वादाची पानं दाभणाने वेगळी शिवायचा. एखादा वाद फार फुगला की जुनी पानं घरी ठेवून वर गोषवारा लिहायचा, आणि त्यात ज्याचं मत स्वतःला पटत नसे त्याचंच म्हणणं सगळ्यांत नीट मांडायचा. कोणी विषय सोडून दुसऱ्याच्या घरादारावर घसरला, तर ते पान परत जायचं, सोबत चिठ्ठी: 'हे भेटून बोला. पाकिटात नको.' देवाचा वाद नऊ वर्षं चालला होता. "मिटव की आता," मी एकदा म्हणालो. तो हसला. "मिटला तर तुमी लोक लिहाल कशाला रं?"

पाकिटाच्या क्रमात माझ्यानंतर सत्तार होता. नेरळला त्याचं किराणा दुकान.

मुलींच्या शिक्षणावर सगळ्यांत जोरात मी लिहायचो. तिला हवं तेवढं शिकू द्या, घरातल्या पुरुषांनी मध्ये येऊ नये, वगैरे. माझी धाकटी बहीण शकू ते सगळं वाचायची. पाकीट आलं की आधी तीच फोडायची. मग वडील गेले, घर माझ्यावर आलं आणि कशेळ्याकडचं एक बरं स्थळ चालून आलं. शकू नववीत होती. मी तिला शाळेतून काढलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, आता पाकिटात काय लिवशील?"

पुढच्या खेपेला पाकीट आलं, त्यात सत्तारचं पान होतं. 'तुझं वाचून मी थोरलीचं नाव हायस्कुलात घातलं,' असं त्याने मला उद्देशून लिहिलं होतं. मी कागद घेऊन बसलो. आज लिहू, उद्या लिहू… दोन महिने गेले. अनंताचं कार्ड आलं, 'पाकीट कुठे अडलं?' मी उलट टपाली कळवलं, 'सत्तारला केव्हाच पाठवलं.' पाकीट माझ्या ट्रंकेत होतं, कपड्यांच्या तळाशी.

अनंता नेरळला जाऊन आला. नंतर कर्जतच्या हॉटेलात त्याने मला सांगितलं, "मी एवढंच म्हटलं, घरात बघ, पोरांनी कुठं टाकलं असंल. तर भडकलाच. म्हणाला, 'म्हंजे माझ्या घरानं गिळलं म्हंतोस?' आता तू पाठवलं म्हणतोस म्हणजे पाठवलंच असणार. मी काय बोलायचं?" मी चहा ढवळत राहिलो. टपालात गहाळ झालं असेल, एवढंही तोंडातून निघालं नाही. तसं म्हणालो असतो तर तो पोस्टातही चौकशीला गेला असता.

सत्तार पुन्हा पाकिटात आला नाही. अनंताने पाच जणांचं नवं पाकीट काढलं. त्यात मी लिहीत राहिलो. पावसाबद्दल, भातावरच्या रोगाबद्दल… अकरा वर्षं.

तेराव्यानंतर कर्जतला गेलो. अनंताच्या बायकोने कपाटातून एक जाड गठ्ठा काढला. नव्या पाकिटातलं प्रत्येक पान, माझीसुद्धा सगळी, अनंताने स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवलं होतं. "सत्तारभाईंसाठी," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, तो कधीतरी येईल, मग मागचं वाचल्याशिवाय लिहील कसा? भावजी, तुम्ही द्याल का नेऊन?"

तो गठ्ठा आणि ट्रंकेतलं पाकीट घेऊन मी नेरळला गेलो. सत्तारने स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो पाकीट उलटंपालटं करून बघत होता.

"अनंताला बोललास?"

"नाही."

"मंग आता मला सांगून काय व्हायचं रं?" पाकीट गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "त्यो परत दोनदा आलावता हितं. मी आत बसून ऱ्हायलो. बायकोला सांगितलं, घरी नाय म्हन." मग म्हणाला, "थोरली मास्तरीन झाली. तुझ्यामुळं झाली, असं घरात म्हनायचो मी."

अनंताचा गठ्ठा त्याने मांडीवर घेतला. पाकीट मात्र माझ्या हातात परत ठेवलं.

"ह्ये अजून तुझ्याकडंच अडलंय. आदी तुझं पान लिव. मंग पोष्टानं पाठव. असं हातात नको."

परवा सकाळी बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, 'शकूला मी नववीतून काढलं.' त्यानंतरचं आपोआप आलं. पान पुरं झाल्यावर पाहिलं तर डावीकडे तीन बोटं जागा कोरी सुटली होती. पाकिटात लिहिताना आम्ही सगळेच ती सोडायचो. अनंता तिथे तांबड्या पेन्सिलीने दोनच शब्द लिहायचा, 'वाचलं. पुढे?'

त्या जागेसकट पान आत घातलं, आणि पाकिटावर सत्तारचा पत्ता लिहिला.