सोमारीनं पुसून टाकलेला रेला

पोर मन लावून काही करत बसलं आणि त्याचा कोणालाच काडीचा उपयोग नसला, तर तुम्ही ते चालू देता का? खरं सांगा. मी दिलं नाही.

सोमारी अहेरीपासून बरंच आत, जंगलातल्या गावची. तेव्हा तिची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. ग्रामसभेच्या कामासाठी मी त्या गावात जायची. मी स्वतः आठवी नापास. वनहक्काचा कायदा एकेक ओळ लावून वाचला आणि भल्याभल्या साहेबांची तोंडं बंद केली. त्याचा मला माज आहे, लपवत नाही.

ही पोरगी भावाच्या जुन्या मोबाईलवर प्रोग्रॅमिंग शिकत होती. शिकवणारं कोणी नाही. टेकडीवर रेंज मिळते, तिथं जाऊन धडे उतरवून घ्यायची आणि तेंदूपत्ता बांधून झाला की अंगठ्यांनी टाइप करत बसायची. आधी नाव विचारणारा प्रोग्राम, मग आकडा ओळखायचा खेळ.

"बाई, हा मोबाईल लय भांडकुदळ हाय. एक ठिपका सुटला तरी ऐकत नाई."

"तुझ्यावानीच हाय मंग."

"नाई, तुमच्यावानी."

एक दिवस तिनं मला मोबाईलवर रेला नाच दाखवला. गावच्या नाचासारखेच बारा ठिपके एकमेकांना धरून पडद्यावर गोल फिरत होते. एक ठिपका मधूनच उलटा जायचा.

"हा आमचा सुनिलदादा," ती हसू दाबत म्हणाली. "त्याले पाय टाकताच येत नाई."

तीन आठवडे खपली होती ती त्यावर. मी अर्धं मिनिट पाहिलं. "याचा उपयोग काय?"

"काईच नाई, बाई. गंमत."

मी तिला कामाला जुंपलं. त्या गावात जंगलाची गस्त घरोघरच्या पाळीनं चालते. ज्याची पाळी, त्याच्या दारात दांडा उभा. संध्याकाळी तोच दांडा शेजारच्या दारात. मी म्हटलं, आता पाळी मोबाईल सांगेल. बाहेरच्या लोकांना दाखवता येईल.

सोमारी अडली. "पण ज्याच्या घरी मयत झाली, त्याच्या दारचा दांडा शेजारी गुपचूप उचलून नेते. कोणी बोलत नाई त्याच्यावर. हे मोबाईलले कसं सांगू? देवरावबाबाले विचारू काय?"

"विचारत बसशील तर पावसाळा लागेल. तू घरांची यादी टाक."

ग्रामसभा भरली. तालुक्याहून पाहुणे आले होते. मी सगळ्यांसमोर मोबाईल उचलला, बटण दाबलं आणि मोठ्यानं वाचलं, "उद्याची पाळी, जंगू."

जंगूची आई जाऊन चार दिवस झाले होते.

जंगू उठला आणि मुकाट दांडा आणायला निघाला. म्हाताऱ्या देवरावनं त्याचा हात धरून खाली बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, दांड्याले माहीत होतं."

तिथंच कबूल करायला हवं होतं की चूक माझी. पण पाहुण्यांसमोर माझं नाक मोठं. मी सोमारीवर ओरडले, "डोकं ठिकाणावर हाय काय तुझं? गावाची इज्जत घालवली."

'मी विचारलं होतं' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी मला आज कमी टोचलं असतं.

त्याच दिवशी तिनं मोबाईलमधलं सगळं पुसून टाकलं. रेलासुद्धा. पुढच्या सभेत मी उभी राहून चूक कबूल केली. गावानं हसून सोडून दिलं. सोमारीच्या घरी गेले तर ती तांदूळ निवडत होती.

"काऊन सोडलं ते, बाई?" मी तिला बाई म्हटलं, जन्मात पहिल्यांदा.

"गंमत गेली," ती म्हणाली. सुपावरून नजर उचलली नाही.

आता ती ब्रह्मपुरीला अकरावीत आहे, मुलींच्या वसतिगृहात राहते. मोबाईल फक्त घरी फोन लावायला. मी काही केलं तर ते पुन्हा काम होईल, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी ब्रह्मपुरीत कोणाला ही विद्या येत असेल, तर तिला एकदा भेटा. माझं नाव काढू नका. तिला काही करून मागू नका. तुमचाच एखादा बिघडलेला प्रोग्राम तिच्यापुढं उघडा ठेवा, आणि ती हात घालेपर्यंत गप्प बसा.