हिप्परग्याचे दोन अभ्यासक आणि एक आकडा

प्रश्न असा होता : रसायनशास्त्राचे एक अध्यापक आणि लोकसाहित्याच्या एक अध्यापिका, या दोघांपैकी कोणाच्या संशोधनाचा प्रभाव अधिक? उत्तर एका पानावर हवे होते, आणि सोमवारपर्यंत.

काम माझ्याकडे आले, कारण मी कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. विद्यापीठाने त्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून पीएच.डी.चा एकच मार्गदर्शक मान्य करायचे ठरवले होते. नावे दोन होती. पहिले डॉ. बिराजदार, रसायनशास्त्राचे. दुसरे डॉ. शांताबाई, ज्यांना प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे शांताक्का म्हणत. धनगरांची गाणी हा त्यांचा विषय. गाईड होण्यासाठी निवृत्तीला किमान तीन वर्षे शिल्लक असावी लागत. अक्कांची तीन वर्षे आणि चार महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही.

विद्यापीठाला हवा होता एच-इंडेक्स. हे माप समजायला सोपे आहे. तुमचा लेख दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात आधार म्हणून नोंदवला, की ते एक साइटेशन. तुमच्या पाच लेखांना प्रत्येकी निदान पाच साइटेशन असतील, तर तुमचा एच-इंडेक्स पाच. सहा होण्यासाठी सहा लेखांना प्रत्येकी सहा लागतात. नुसते पुष्कळ लिहून भागत नाही आणि एकच लेख गाजूनही भागत नाही. मापात हुशारी आहे, हे मी तेव्हाही मान्य केले होते.

पहिल्या दिवशी मी साइटेशन मोजणारे तीन डेटाबेस उघडले. पहिल्यात बिराजदारांचा आकडा नऊ आला, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात सतरा. अक्कांचा अनुक्रमे शून्य, एक आणि तीन. माणसे तीच, दिवसही तोच. मी पुन्हा मोजले. तेच आले.

प्राचार्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तीन घड्याळं अन् तीन टाइम! ह्यातलं बरोबर कोनतं?"

"तिन्ही बरोबर हाईत, सर."

"असं कामून?"

"ज्याच्या-त्याच्या यादीत जेवढी नियतकालिकं, तेवढंच त्याला दिसतंय. यादीबाहेरचं न्हाई."

"मला येडं करायलाव का? विद्यापीठाला एक आकडा पायजे."

विद्यापीठाने पाठवलेल्या नमुन्यात दुसऱ्या डेटाबेसचे नाव छापलेले होते. तेव्हा चौदा आणि एक. मी ते लिहिले, पण पटेना. पंचवीस वर्षे गावोगाव फिरून गाणी लिहून घेणाऱ्या बाईंचा आकडा एक कसा? मी अक्कांना ग्रंथालयात बोलावले.

"अक्का, तुमी लेखावर नाव कसं लावताव?"

"मराठीत शांता पुजारी. आमचं आडनाव त्येच की. इंग्रजीत एस. बी. हिप्परगी."

"दोन नावं कामून?"

"शाळेच्या दाखल्यावर मास्तरनं गावाचं नाव लावलं. आमच्या मादन हिप्परग्यात सगळ्यांचं तसंच हाय. वर्गात आठ हिप्परगी होते, अण्णा. मास्तर हाक मारले की आठच्या आठ उठायचे."

मी फक्त पुजारी या नावाने शोधले होते. हे मला सुचायला हवे होते. मी स्वतः औराद तालुक्यातल्या संतपूरचा. आमच्याकडे दाखल्यावर घराण्याचे आडनाव, आणि तीस कोसांवर गावाचे. डेटाबेस बनवणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने पुजारी एक व्यक्ती आणि हिप्परगी दुसरी.

मी 'एस. बी. हिप्परगी' या नावाने शोधले. लेखांची रांगच लागली. शीर्षकांत दख्खनी मेंढी, मेंढपाळ, कळप, चराई. मनाला बरे वाटले. डेटाबेसमध्ये एक सोय असते : एकाच व्यक्तीची दोन खाती असतील, तर ती एकत्र करा अशी विनंती करता येते. मी केली. दुसऱ्या दिवशी ती मान्य झाली आणि अक्कांचा आकडा अकरा झाला.

प्राचार्य खूश झाले. "लोकसाहित्यात अकरा म्हंजे लई झालं. आता अक्काच." त्यांनी कागदावर सही केली. मी एक प्रत अक्कांना दाखवायला नेली. ही माझी शाळेतली सवय; उत्तर लिहिले तरी ताळा करायचा.

अक्कांनी यादी बोट ठेवून वाचली. सहाव्या ओळीवर बोट थांबले.

"अण्णा, ह्ये काय? मेंढीच्या पोटातले जंत?"

"तुमचं न्हाई?"

"म्या मेंढरामागं चालनाऱ्यांची गानी लिवली. मेंढीच्या पोटात कवा गेले?"

बोट पुढे सरकले. "ह्येबी न्हाई. ह्येबी न्हाई. ह्ये दोन माझे." मग त्या हसल्या. "ह्ये शरणबसप्पाचं हाय की! आमच्याच गावचा. जनावरांचा डॉक्टर."

शरणबसप्पा हिप्परगी. म्हणजे तेही एस. बी. हिप्परगी, गाव तेच, आणि विषयही मेंढीच. मी शीर्षकातला 'मेंढी' हा शब्द पाहिला आणि पुढे वाचले नाही. ग्रंथपालाने पुस्तकाचा कणा पाहून वर्गीकरण करू नये, असे मी सहायकांना शिकवत आलो होतो.

मी म्हणालो, "अक्का, कागदावर सही झाली हाय. यंदा गेलं तर परत न्हाई."

त्या उठल्या. "न्हाई तर न्हाई. दुसऱ्याचं कोकरू आपल्या कळपात आलं की कानाची खूण बघून परत करत्यात. माझा बाप त्येच करायचा."

कोणते लेख नेमके कोणाचे, हे ठरवायला मी डॉ. शरणबसप्पांना फोन केला. ते दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होते. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "राहू द्या की, अण्णा. अक्का गावच्या हाईत. माझ्याकडं लई हाईत, दोन-चार वापरू द्या त्यांला."

"तसं चालत न्हाई, डॉक्टर."

"कामून? शेजाऱ्याच्या कळपाला बियाणाला एडका देत न्हाईत व्हय?"

मी नको म्हणालो. त्यांनी आपल्या लेखांची यादी पाठवली आणि अक्कांनी लिहिलेले गाण्यांचे पुस्तकही मागवून घेतले. प्राचार्यांना सगळे सांगून सहीचा कागद मी फाडला. नव्या हिशेबात अक्कांचा आकडा दोन आला. खाती वेगळी करण्याची विनंतीही मी डेटाबेसकडे पाठवली. एकत्र करायला एक दिवस लागला होता. वेगळे करण्याबाबत उत्तर आले, 'प्रक्रियेत आहे'.

तेवढ्यात डॉ. बिराजदार स्वतः ग्रंथालयात आले. मला वाटले, भांडायला आले. ते म्हणाले, "सर, माझ्या चौदात माझंच मला किती हाय, ते काढलाव का?"

हे सेल्फ-साइटेशन. लेखकाने आपल्याच जुन्या लेखाचा दाखला दिला, तर तो मोजायचा नाही, असे विद्यापीठाच्या नमुन्यात लिहिलेले होते. माझे ते वाचायचे राहिले होते. वगळल्यावर त्यांचा आकडा बारा झाला.

"अन् दुसरं," ते म्हणाले, "आमच्या एका पेपरवर सहा जनांची नावं असत्यात. अक्का एकट्या लिवत्यात. आमच्या विषयात महिन्याला पेपर निघतंय, त्यांचं पुस्तक दहा वर्षांला. तुमी कशाला कशानं मोजायलाव?"

"मग कसं मोजावं?"

"मला काय ठाव? म्या रसायनवाला."

या प्रश्नावर मी तीन दुपारी घालवल्या. कडबा पेंढ्यांनी मोजतात आणि तूर तोलतात. तुरीच्या पेंढ्या किती, असे आडतीवर कोणी विचारत नाही. मग एक पद्धत अशी, की प्रत्येकाची तुलना त्याच्याच विषयातल्या सरासरीशी करावी. पण लोकसाहित्याची सरासरी कोठून आणायची? डेटाबेसमध्ये मराठी आणि कन्नड पुस्तके जवळजवळ नव्हतीच. म्हणून मी आमच्या कपाटांतली लोकसाहित्याची दोन्ही भाषांतली पुस्तके काढली आणि प्रत्येकाची संदर्भसूची व तळटिपा हाताने तपासल्या. शांताक्कांचा उल्लेख एकतीस ठिकाणी सापडला. यंत्राच्या लेखी यातला एकही झालेला नव्हता.

मी विद्यापीठाला दोन पाने पाठवली. पहिल्यावर बारा आणि दोन. दुसऱ्यावर एकतीस नोंदी, आणि खाली एक वाक्य : हे आकडे परस्परांशी तुलना करण्याजोगे नाहीत. दुसरे पान परत आले. त्यावर शेरा होता, 'नमुन्यात नसलेली माहिती जोडू नये.'

बिराजदारांना मान्यता मिळाली. त्यांनी चांगले विद्यार्थी घडवले, हे येथे नोंदवले पाहिजे. अक्का तीन वर्षे आणि चार महिन्यांनी निवृत्त झाल्या. त्यांना गाईड म्हणून एकही विद्यार्थी मिळाला नाही.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी डॉ. शरणबसप्पांचा फोन आला. अक्कांच्या पुस्तकातल्या एका गाण्यात म्हातारी सांगते, की पावसाळा सरताना तळ्याच्या काठाला मेंढरे चारू नका, गळ्याखाली पिशवी धरते. ती पिशवी म्हणजे पोटातल्या एका कृमीच्या रोगाचे लक्षण. डॉक्टरांनी आपल्या नव्या लेखात तसे लिहिले आणि आधार म्हणून अक्कांचे पुस्तक नोंदवले. पशुवैद्यकाच्या लेखात धनगरांच्या गाण्याचे साइटेशन! एका विषयाचा प्रभाव दुसऱ्यावर पडतो म्हणतात, तो हाच असावा.

मी लगेच डेटाबेस उघडला. अक्कांच्या खात्यावर हे साइटेशन जमा झालेले नव्हते. लेख दिसत होता, साइटेशनही दिसत होते. पण मोजणीतून वगळलेले. कारण दिले होते : सेल्फ-साइटेशन. एस. बी. हिप्परगी यांनी एस. बी. हिप्परगी यांचाच दाखला दिला होता. मी एकत्र केलेली खाती अजून वेगळी झालेली नव्हती.

अक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे म्या आता मेंढीच्या पोटात गेले म्हना की." आणि चहा टाकायला आत गेल्या.

दोघांपैकी कोणाचा प्रभाव अधिक, हे मला आजही सांगता येत नाही. आकडा काढणाऱ्याची चूक आकड्याच्या अंगावर दिसत नाही, एवढे मात्र शिकलो. हाताने केलेल्या मोजणीची वही ग्रंथालयात तिसऱ्या कपाटात, वरच्या खणात ठेवली आहे. एकतीस हा आकडा माझा आहे, आणि मी एकदा चुकलेला माणूस आहे. कृपया आपण स्वतः मोजून पाहावे.